बागुलबुवा कसा दिसतो? कमी खर्चाच्या भयपटांकडून लेखनाचा एक पाठ



एक छोटा प्रयोग करून पाहा. मुलांना कोरा कागद द्या आणि एवढंच सांगा, "बागुलबुवाचं चित्र काढा." मी चौथीच्या वर्गात हे केलं. एकाने शिंगं काढली, एकीने नुसते दोन डोळे काढले, एकाने पोत्यासारखं काहीतरी काढलं. एका मुलाने तर अख्खा कागद काळ्या खडूने भरून टाकला आणि मला म्हणाला, "मॅडम, ह्यात हाय त्यो." एकही चित्र दुसऱ्यासारखं नव्हतं. कारण उघड आहे. बागुलबुवा कुणी पाहिलेलाच नाही. आपल्या आज्यांनी त्याचं नाव सांगितलं, वर्णन कधीच सांगितलं नाही.

याच वर्गाला आठवडाभर आधी मी 'पावसाळ्यातील एक दिवस' हा निबंध दिला होता. बहुतेक वह्यांत एकच निबंध होता. पाऊस म्हणजे निसर्गाचं वरदान, मोर पिसारा फुलवून नाचू लागले, धरतीने हिरवा शालू नेसला. आता मला सांगा, मुरगूडच्या मुलांनी पावसात नाचणारा मोर किती वेळा पाहिला असेल? वेदगंगेचं पाणी शेतात शिरलेलं त्यांनी पाहिलं आहे. रात्रभर पत्र्यावर पडणारा पाऊस ऐकला आहे. त्यातलं काहीच वहीत आलं नाही, कारण ते गाईडात नव्हतं.

मुलांकडे शब्द नाहीत असं आपण म्हणतो. मग बागुलबुवाच्या वेळी त्यांना इतकं कुठून सुचलं? याचा विचार करताना मला मदत झाली ती कमी पैशात काढलेल्या काही भयपटांची. तेच आज तुमच्यासमोर मांडते.

कॉस्मिक हॉरर म्हणजे काय?

आपल्याकडच्या भुतांना पत्ता असतो. मुंजा पिंपळावर राहतो, हडळ विहिरीपाशी भेटते. त्यांची काहीतरी इच्छा राहिलेली असते आणि ती पुरवली की ती जातात, असं गोष्टींत असतं. म्हणजे त्या भुताचा माणसाशी काहीतरी हिशोब असतो.

कॉस्मिक हॉरर या प्रकारात असा हिशोबच नसतो. उसाची ट्रॉली रस्त्याने जाते तेव्हा चाकाखाली मुंगी येते. ट्रॉलीचं मुंगीशी वैर नसतं, तिला मुंगी माहीतच नसते. या विश्वात आपण त्या मुंगीसारखे असलो तर? आपल्याला न कळणारं, आपल्याकडे लक्षही नसणारं काहीतरी अफाट आपल्या शेजारून जात असलं तर? ही ती भीती. अमेरिकन लेखक एच. पी. लव्हक्राफ्ट (१८९०–१९३७) याच्या कथांमुळे हा प्रकार जगभर ओळखला जाऊ लागला. मराठीत नारायण धारप (१९२५–२००८) यांनी माणसाच्या आकलनापलीकडच्या शक्तींच्या कथा-कादंबऱ्या लिहून वाचकांच्या दोन-तीन पिढ्यांची झोप उडवली.

आता गंमत पाहा. जे आकलनापलीकडचं आहे ते पडद्यावर दाखवणार कसं? कितीही कोटी खर्च केले तरी दाखवलेला राक्षस शेवटी मापात येतो. म्हणून ज्यांच्याकडे पैसे कमी, त्यांची इथे अडचण होत नाही. त्यांना दाखवता येत नाही, आणि न दाखवणं हीच तर या प्रकाराची गरज असते.

आपल्या मातीतलं उदाहरण : 'तुंबाड'

१२ ऑक्टोबर २०१८ रोजी राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' प्रदर्शित झाला. भाषा हिंदी, पण वाडा, पाऊस, माणसं सगळी आपली. त्याच वर्षी व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात समीक्षक सप्ताहाची सुरुवात या सिनेमाने झाली होती. १९९३ मध्ये नागझिरा अभयारण्यात एका मित्राने बर्वे यांना धारपांची एक गोष्ट सांगितली, तिने मनात घर केलं आणि पुढे त्यातून हा सिनेमा उगवला. सिनेमा पुरा व्हायला कित्येक वर्षं लागली. खरा पाऊस हवा म्हणून अनेक पावसाळ्यांत चित्रीकरण झालं. पैशाची कमतरता त्यांनी वेळ आणि धीर यांनी भरून काढली.

शिक्षकाच्या नजरेने पाहिलं तर त्यात तीन गोष्टी लक्षात येतात.

पहिली गोष्ट म्हणजे नाव. सुरुवातीच्या भागात साखळीने बांधलेली एक भयानक म्हातारी आहे. ती फक्त हस्तरच्या नावाला घाबरते. नाव घेतलं की झोपते. आपण हस्तरला अजून पाहिलेलंही नसतं, पण जिला पाहून आपण घाबरलो तीच ज्याला घाबरते तो कसा असेल, हा विचार आपलं मन सुरू करतं. बागुलबुवाचीच ही युक्ती.

दुसरी गोष्ट म्हणजे घरातल्या वस्तू. हस्तरला भुलवायला पिठाची बाहुली लागते आणि त्याच्यापासून वाचायला पिठाचं रिंगण. पीठ प्रत्येक घरात असतं. रोजच्या कणकेला एकदा भीती चिकटली की ती घरी परतल्यावरही सुटत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे नियम. हस्तरला सोनं मिळालं आहे, पण धान्य मिळालेलं नाही. तो कायमचा भुकेला आहे. एवढ्या एका नियमावर सगळी गोष्ट उभी आहे. माणसाच्या हावेचीही गोष्ट त्यातूनच निघते.

आणखी एक : एक घर आणि पाच रात्री

'कोहेरन्स' नावाचा २०१३ सालचा अमेरिकन सिनेमा आहे. दिग्दर्शक जेम्स वॉर्ड बर्किट यांनी तो स्वतःच्याच घरात पाच रात्रींत चित्रित केला. नटांच्या हातात पूर्ण संवाद नव्हते. रोज प्रत्येकाला आपापल्या पात्रापुरती चिठ्ठी मिळायची. गोष्ट अशी : आठ मित्रमैत्रिणी जेवायला जमतात. त्या रात्री एक धूमकेतू पृथ्वीजवळून जात असतो. लाईट जाते. सगळ्या गल्लीत एकाच घरात दिवे दिसतात. मदत मागायला काही जण तिकडे जातात, तर ते घर त्यांचंच असतं आणि आत तेच बसलेले असतात.

यात राक्षस नाही. एक जेवणाचं टेबल आणि गेलेली लाईट. आपल्या मुलांना गेलेली लाईट काय असते हे वेगळं सांगावं लागत नाही.

कोल्हापूर जिल्ह्याला तर ही जिद्द परकी नाहीच. बाबूराव पेंटर यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात परदेशी यंत्राची वाट न पाहता इथेच कॅमेरा तयार केला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' हा मूकपट पडद्यावर आणला. आहे त्यात करायचं, हे आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच करून झालंय.

वर्गात कसं घ्यायचं?

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. हे सिनेमे मुलांना दाखवायचे नाहीत. ते मोठ्यांचे आहेत. आपण शिक्षकांनी आणि पालकांनी त्यांतली युक्ती घ्यायची आणि मुलांना त्यांच्या वयाची गोष्ट लिहू द्यायची. तिसरी-चौथीपासून पुढे दोन तासिकांत हे होतं. साहित्य म्हणजे वही आणि पेन्सिल.

१. जागा निवडा. जागा खरी आणि रोजची हवी. गोठा, शाळेची पाण्याची टाकी, माळ्यावरची पेटी. किल्ला, जंगल, परग्रह नको.

२. एकच गोष्ट बदला. टाकीतलं पाणी कमीच होत नाही. घड्याळ रोज दुपारी एकाच वेळी थांबतं. बाकी सगळं नेहमीसारखं.

३. दिसणं बंद. 'मला दिसलं' हे शब्द वापरायचे नाहीत. आवाज, वास, स्पर्श, थंडी-ऊन यांतूनच सांगायचं. बत्तीस वह्यांतला मोर इथे आपोआप उडून जातो, कारण मोराचा वास कसा असतो हे गाईडात नसतं!

४. 'भयानक', 'भीतिदायक', 'अक्राळविक्राळ' हे शब्द बंद. कुणीतरी घाबरलं हे त्याने काय केलं यावरून कळू द्या.

५. एक नियम ठरवा आणि तो मोडू नका.

मुलांनी काय लिहिलं, त्याचे दोन नमुने देते. "म्हशीनं रवंथ थांबवला. आज्जी म्हणाली, पाणी पाज. मी बादली उचलली तर ती गरम लागली." दुसरं असं, "टाकीवर कान लावला. आतनं आमच्याच वर्गाचा आवाज येत हुता, पण आम्ही तर भाईर हुतो." पहिलं लिहिणाऱ्या मुलीच्या वहीत मी वर्षभर 'आणखी लिही' असा शेरा मारत आले होते. त्या दिवशी तिने दीड पान लिहिलं. बोलीतले शब्द मी खोडले नाहीत. प्रमाणभाषेतलं रूप दुसऱ्या वाचनात शेजारी लिहायला सांगितलं.

मोठ्यांनी बालसाहित्य आणि भयकथा यांच्यात उगीच भिंत घातली आहे असं मला वाटतं. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांचंच पाहा. अंगावर काटा आणणाऱ्या गूढकथा लिहिणाऱ्या याच लेखकाने 'अलबत्या गलबत्या' लिहून चेटकिणीला मुलांची लाडकी केलं.

माझी चूक आणि लोणारचं सरोवर

आता जे सांगते ते कृपया वगळू नका. पहिल्यांदा हा उपक्रम घेतला तेव्हा मी गोष्टी लिहून घेतल्या, वाचून घेतल्या, टाळ्या वाजवल्या आणि घंटा झाली. तीन दिवसांनी एक पालक आले. म्हणाले, "मॅडम, पोरगी रात्री परड्यात जाईना झालीया. शाळेत भुताखेताचं कशाला शिकवताय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. चूक माझीच होती. मी भीतीचं दार उघडून दिलं होतं आणि ते बंद कसं करायचं हे सांगितलंच नव्हतं.

हा प्रश्न साधा नाही. आपल्या राज्याला २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. न दिसणाऱ्याची भीती घालून माणसांना लुबाडणारे आजही आहेत. तेव्हा शिक्षकाने भीतीशी खेळताना दहादा विचार करायलाच हवा.

मी उपक्रमात सहावी पायरी घातली : रात्री लिहा, सकाळी तपासा. गोष्ट जिथे घडते तिथे दुसऱ्या दिवशी उजेडात सगळ्यांनी मिळून जायचं, पाहायचं आणि प्रश्न लिहायचे. बादली गरम का असू शकेल? टाकीत आवाज का घुमतो? घरची जागा असेल तर हे काम पालकांनी करावं. ते पालक आणि त्यांची मुलगी दोघं बॅटरी घेऊन परड्यात गेले. मुलीने यादी आणली : पत्रा, मांजर, वाऱ्याने हलणारी केळीची पानं. यादीच्या खाली तिने स्वतःहून लिहिलं होतं, "एक आवाज अजून कळला नाही. उद्या परत जाणार."

या पायरीसाठी माझं आवडतं उदाहरण म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार. हजारो वर्षांपूर्वी आकाशातून एक अशनी येऊन बसाल्टच्या खडकावर आदळला आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर झालं. लोकांनी त्याला लवणासुराची कथा जोडली. जून २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या दिवसांत, त्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं. आकाशातून पडलेल्या दगडाने केलेलं तळं एकाएकी रंग बदलतं, यापेक्षा चांगली कॉस्मिक हॉररची सुरुवात कोण लिहिणार? पण पुढे काय झालं ते मुलांना जरूर सांगा. पाण्याचे नमुने घेतले गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत तपासणी झाली. पाणी आटून खारटपणा वाढला होता आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या अतिसूक्ष्म जीवांमुळे तो रंग आला होता. उत्तर कळलं म्हणून लोणारचं नवल कमी झालं का? मुलांना विचारा. माझ्या वर्गाने एका सुरात "न्हाई" म्हटलं.

विज्ञानाच्या तासालाही हे जोडता येतं. सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे ८ मिनिटं लागतात. देवयानी दीर्घिकेचा प्रकाश यायला सुमारे २५ लाख वर्षं लागतात, आणि अंधाऱ्या, निरभ्र रात्री ती नुसत्या डोळ्यांनी पुसट दिसते. हे ऐकून वर्ग एकदम गप्प होतो. लव्हक्राफ्टला जी भीती वाटली तीच ही शांतता असेल, पण मुलं तिथे थांबत नाहीत. त्यांचा हात वर येतो. "मॅडम, मग आत्ता तिथं काय चाललं असंल?"

पालकांसाठी एवढंच. आज रात्री लाईट गेली तर लगेच मोबाईलचा टॉर्च लावू नका. पाच मिनिटं मुलांजवळ बसा आणि विचारा, काय काय ऐकू येतंय? सकाळी त्यातल्या एका आवाजाचा शोध दोघं मिळून घ्या. त्यावर मुलाला चार ओळी लिहू द्या आणि शुद्धलेखन त्या दिवशी तपासू नका.