दम किती लागावा?



व्यायाम करावा की करू नये, हा वाद आता कोणी घालीत नाही. प्रश्न उरतो तो मात्रेचा. औषधाची मात्रा वैद्य तोलून देतो. व्यायामाची मात्रा मात्र ज्याने त्याने अंदाजाने घ्यावी असा आपल्याकडे रिवाज आहे, आणि तो अंदाज बहुधा दोन्ही टोकांना चुकतो. सकाळी टेकडीच्या वाटेवर घटकाभर उभे राहून पाहा. काही मंडळी गप्पांचा फड जमवून अशी रेंगाळत चालतात, की तासाभराच्या फेरीत आपण घराबाहेर पडलो होतो याची वार्ता त्यांच्या हृदयाला लागतच नाही. उलट चाळिशीच्या वाढदिवसाला एकाएकी जागे झालेले एखादे गृहस्थ पहिल्याच दिवशी ऊर फुटेस्तोवर धावतात, चौथ्या दिवशी गुडघा धरून बसतात आणि त्यांचे बूट पुढच्या वाढदिवसापर्यंत पलंगाखाली राहतात. पहिल्यांचा वेळ फुकट जातो, दुसऱ्यांचा उत्साह. आणि ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या नकळत अरुंद होऊन बसल्या आहेत त्याचे प्रसंगी याहून बरेच अधिक जाते.

मी बोलणार आहे ते चालणे, धावणे, पोहणे, सायकल मारणे, जिने चढणे अशा व्यायामांबद्दल. हल्लीची तरुण मंडळी त्यांना ‘कार्डिओ’ म्हणतात. आपल्याकडे ‘दमसास’ असा एक सुंदर शब्द आहे; म्हणून हे दमसासाचे व्यायाम असे म्हणू. त्यांत कामाला लागतात ती हृदय आणि फुप्फुसे. स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त शरीरभर फिरवते. भरपूर श्रमांत निरोगी माणसाचे तेच हृदय २० लिटरपर्यंत मजल मारते. हा चौपट पल्ला वापरला नाही तर हळूहळू आखडतो, आणि योग्य तेवढा वापरला तर रुंदावतो. ‘योग्य तेवढा’ म्हणजे किती, एवढाच आजचा विषय.

फार कष्टाचीच गरज असते असे नाही, हे पहिल्याने ठळकपणे दाखवले ते लंडनच्या बसगाड्यांनी. डॉ. जेरी मॉरिस आणि त्यांचे सहकारी यांनी १९५३ साली तेथील दुमजली बसवरील चालक आणि कंडक्टर यांची तुलना प्रसिद्ध केली. दोघेही एकाच गाडीत, एकाच शहरात, जवळजवळ एकाच थरातले. पण चालक पाळीचा बहुतेक वेळ बसून, तर कंडक्टर दिवसाकाठी ५०० ते ७५० पायऱ्या चढणारा. हृदयविकाराचे प्रमाण कंडक्टरांमध्ये कमी आढळले, आणि ज्यांना तो झाला त्यांतही त्याने तातडीने दगावणारे कमी निघाले. मुळातच स्थूल माणसे चालकाची नोकरी धरीत असतील, अशी शंका कोणी घेईल; ती मॉरिस यांनी स्वतःच घेतली आणि गणवेशाच्या विजारींची कंबरमापे तपासली. चालकांचा घेर खरोखरच मोठा निघाला! तेव्हा एका अभ्यासाने सगळे सिद्ध झाले असे नव्हे, पण पुढच्या संशोधनाने मूळ मुद्दा उचलून धरला. कंडक्टर काही शर्यत धावत नव्हता. जिना चढताना त्याचा श्वास हलत होता, आणि तो दिवसातून अनेकदा हलत होता, एवढेच.

आता हा श्वास किती हलावा हे मोजायचे कसे? शास्त्रज्ञांनी प्रथम नाडीचा आधार घेतला. फिनलंडचे मार्टी कार्व्होनेन यांनी १९५७ साली वैद्यकीच्या सहा तरुण विद्यार्थ्यांना फिरत्या पट्ट्यावर पळवले. विश्रांतीतील नाडी आणि जास्तीत जास्त वाढू शकणारी नाडी यांमधले जे अंतर, त्याच्या सुमारे ६० टक्क्यांपर्यंत ज्यांची नाडी चढत होती त्यांचा दम सुधारला. त्याहून खाली राहिलेल्यांचा सुधारला नाही. सहा माणसांवरचा प्रयोग, तोही धडधाकट तरुणांवरचा. पण विश्रांती आणि कमाल यांमधले अंतर हेच माणसाचे खरे भांडवल, हा त्यातला विचार टिकला. बैठ्या किंवा उतारवयाच्या माणसाला याहून कमी जोरातही फायदा होतो असे पुढे दिसून आले. आता या भांडवलाच्या ४० ते ५९ टक्क्यांपर्यंतच्या व्यायामाला मध्यम आणि त्याच्या वरच्याला जोराचा व्यायाम म्हणतात.

पण कमाल नाडी कोणाला ठाऊक असते? येथे ते प्रसिद्ध सूत्र पुढे येते: २२० मधून वय वजा करा. व्यायामशाळेच्या भिंतीवर आणि मनगटावरच्या घड्याळात हे सूत्र अशा थाटात वावरते, की जणू निसर्गाचा नियमच. त्याचा जन्म साधा आहे. अमेरिकेतील डॉ. सॅम्युएल फॉक्स आणि विल्यम हास्केल यांनी १९७०च्या सुमारास इतरांच्या अभ्यासांतले आकडे एका कागदावर मांडले आणि त्यांतून ढोबळ रेघ ओढली. लोकांच्या व्यायामावर या रेघेने राज्य करावे असा आपला हेतू नव्हता, असे हास्केल यांनीच पुढे सांगितले. २००१ साली पुष्कळ अधिक माणसांच्या आकड्यांवरून सुधारलेले सूत्र निघाले: वयाची सात दशांश पट २०८ मधून वजा करा. चाळिशीला दोन्ही सूत्रे १८० हाच आकडा देतात. सत्तरीला जुने १५० म्हणते तर नवे १५९.

नवे सूत्र बरे, पण तेही सरासरीचेच. एकाच वयाच्या माणसांची कमाल नाडी सरासरीच्या १० ठोके इकडे किंवा तिकडे असणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. उदाहरणच घेऊ. पंचावन्न वर्षांच्या, विश्रांतीत ७५ नाडी असलेल्या गृहस्थांची कमाल नाडी नव्या सूत्राने सुमारे १७० येते. मधले भांडवल ९५ ठोक्यांचे. त्याचे ४० ते ५९ टक्के ७५ मध्ये मिळवले की मध्यम व्यायामाचा पट्टा ११३ ते १३१ असा निघतो. पण त्यांची खरी कमाल १६० असेल तर पट्टा १०९ ते १२५, आणि १८० असेल तर ११७ ते १३७. म्हणजे १३० या एकाच आकड्यावर एक जण मध्यम व्यायाम करीत असतो आणि दुसरा जोराचा. भरीला उन्हाळा आहे. वैशाखात अंग निववण्यासाठी बरेच रक्त त्वचेकडे वळते, आणि त्याच रस्त्यावर त्याच गतीने चालताना नाडी माघातल्यापेक्षा जास्त भरते. रक्तदाबासाठी ‘बीटा ब्लॉकर’ जातीच्या गोळ्या घेणाऱ्यांची नाडी तर औषधानेच आवरलेली असते. त्यांना हे सगळे गणित गैरलागू आहे. सूत्राचा आकडा गाठायचा म्हणून त्यांनी धावाधाव केली तर ती नुसती निरर्थक नव्हे, धोक्याचीही ठरेल.

मग आधार कशाचा धरावा? माझे मत असे, की आधी श्वासाला विचारावे आणि नाडीची साक्ष नंतर काढावी. त्याला कारण आहे. व्यायामाचा जोर चढत गेला की एक टप्पा असा येतो, की स्नायूंत तयार होणारे लॅक्टेट जेवढे निपटते त्याहून अधिक रक्तात साचू लागते. त्यासोबतची आम्लता शमवताना जादा कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो आणि तो बाहेर टाकण्यासाठी श्वास एकाएकी वाढतो. बोलणे तर उच्छ्वासावरच चालते. बोलायचे म्हणजे श्वास लांबवून धरायचा. शरीर भराभर श्वास मागू लागले की वाक्य मध्येच तुटते. म्हणजे प्रयोगशाळेत रक्त काढून जो टप्पा शोधतात, तोच आपल्या वाक्यात, थोड्या स्थूलपणे का होईना, ऐकू येतो; आणि तो सरासरी माणसाचा नसतो, त्या दिवशीच्या, त्या हवेतल्या, आपल्या स्वतःच्या शरीराचा असतो.

रीत अगदी सोपी आहे. चालताना गाणे म्हणता येत असेल तर व्यायाम हलका. गाता येत नाही पण सोबत्याशी वाक्यामागून वाक्य बोलता येते, तो मध्यम. चार शब्दांनंतर थांबून श्वास घ्यावा लागतो, तो जोराचा. एकटे असाल तर तेराचा पाढा म्हणून पाहा. दोन-तीन पायऱ्यांनंतर श्वास घ्यावासा वाटला तर ठीक चालले आहे. प्रत्येक पायरीला धाप लागत असेल तर गती उतरवा. ज्यांना आकडाच हवा त्यांनी पावले मोजावीत: बहुतेक प्रौढांच्या बाबतीत मिनिटाला सुमारे १०० पावले म्हणजे मध्यम चाल. पर्वतीच्या पायऱ्यांवर मात्र हा हिशेब चालायचा नाही, तेथे पुन्हा श्वासच.

आपल्या जुन्या वैद्यांनीही नेमके हेच लक्षण धरले होते. व्यायाम बळाच्या निम्म्याने करावा असे सुश्रुतसंहिता सांगते, आणि निम्मे बळ झाले हे ओळखण्याची खूण देते ती अशी: हृदयाच्या ठिकाणचा वायू तोंडावाटे बाहेर येऊ लागणे. नाकाने भागेनासे होऊन तोंड उघडते तो क्षण. आजच्या मोजमापांत हा बदल बहुतेकांना मिनिटाला ३५ ते ४० लिटर हवा लागू लागली की होतो. म्हणून सुश्रुताला लॅक्टेट ठाऊक होते असे कोणी म्हणू नये. त्याच्यापाशी यंत्र नव्हते, बारीक नजर होती. वाग्भटाने तर ऋतूही सांगितला आहे: निम्म्या शक्तीचा व्यायाम थंडीत आणि वसंतात, एरवी त्याहून मंद. अतिरेक करणाऱ्याला त्याने हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाची उपमा दिली आहे. अतिरेकाच्या त्या यादीत त्याने भाषणही घातले आहे, तेव्हा मला आवरते घेतले पाहिजे.

किती वेळ, याचे उत्तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिले आहे: आठवड्यात मध्यम व्यायाम १५० ते ३०० मिनिटे, किंवा जोराचा ७५ ते १५०. जोराच्या व्यायामाला वेळ निम्मा लागतो हे ऐकून बरेच जण एकदम तिकडे धावतात. त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की जगातले नामांकित लांब पल्ल्याचे धावपटूही आपल्या सरावाचा सुमारे चार पंचमांश भाग सहज बोलता येईल अशाच गतीने करतात. नवख्याने पहिले दीड-दोन महिने मध्यम पट्ट्यातच राहावे. मग आठवड्यातून एखाद्या दिवशी चढावर थोडा जोर करून पाहायला हरकत नाही. छातीवर दाब, जबड्यात किंवा हातात उतरणारी कळ, भोवळ, यांपैकी काही झाले तर मात्र पाढा म्हणत बसू नये. तिथेच थांबावे आणि विनाविलंब इस्पितळ गाठावे. मधुमेह, रक्तदाब किंवा पूर्वीचा हृदयविकार असलेल्यांनी जोराच्या व्यायामाआधी डॉक्टरांना विचारावे.

काही आठवड्यांनी एक गंमत होते. ज्या चढावर वाक्य तुटत होते तेथे ते तुटेनासे होते. नाडी पाहा: सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या मोजलेली नाडी पूर्वीपेक्षा काही ठोके कमी भरते. चढ संपताच पंधरा सेकंद मोजून चौपट करा, एक मिनिट सावकाश चालून पुन्हा मोजा. दम जसा वाढतो तशी ती अधिक झपाट्याने खाली येऊ लागते. मिनिटात ती बारा ठोकेही उतरत नसेल आणि पुन्हा पुन्हा तसेच होत असेल, तर ते वहीत लिहून पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा. आणि चांगली उतरत असेल, तर जुनी चाल आता तुम्हाला हलकी झाली आहे. पाढ्यातला श्वास पुन्हा तिसऱ्या पायरीवर येईल इतका पाय उचला.