एका लुगड्याचे चार वाटे

दिवाळीची आवराआवर संपली, की कपाटाच्या तळाशी जुन्या सुती साड्यांचा एक गठ्ठा हमखास उरतो. नेसाव्यात तर विरलेल्या, टाकाव्यात तर जीव होत नाही. मग एक दिवस दारावर बोहारीण येते, स्टीलचं पातेलं पुढे करते आणि चार साड्यांवर सौदा तुटतो. पातेलं उपयोगी पडतं, त्याला नाव ठेवायचं कारण नाही. पण त्याच गठ्ठ्यातून एक सुरेख गोधडी निघू शकते, अगदी त्यातली एकही साडी धड नसली तरी!

साडी सगळीकडून सारखी विरत नाही. बसण्याच्या जागी आणि टाचेशी ती आधी जाते. कमरेला खोचलेला भाग आणि निऱ्यांच्या आतलं कापड पुष्कळदा शाबूत असतं. नेहमीच्या गोधडीला वरून अख्खी साडी लागते. पट्ट्यांच्या गोधडीला मात्र २ इंच रुंदीचं चांगलं कापड पुरतं, आणि तेही वीतभर लांबीचे तुकडे असले तरी चालतात.

शिवाय पट्ट्यांचे वाटे करता येतात. आपलं नागपूर म्हणजे लुगड्यांचं गाव. इथल्या कोष्टी विणकरांची रेशीमकाठी लुगडी प्रसिद्ध. शिवाय जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेली एम्प्रेस मिल होती. मिल आज राहिली नाही, लुगडी मात्र अजून कित्येक घरांत ट्रंकेच्या तळाशी निघतात. आमच्या सासूबाईंच्या मागे असंच एक डाळिंबी लुगडं निघालं. विरलेलंच, पण त्या रोज संध्याकाळी नेसायच्या ते. थोरल्या वन्सं म्हणाल्या, “आईचं आहे, मी नेते.” जाऊबाई म्हणाल्या, “शेवटची आठ वर्षं त्यांचं सगळं मी केलं. मला नको का काही आठवण?” खरं दोघींचंही होतं. सोनं तोळ्यावर वाटता येतं, लुगड्याचं काय करायचं? दोन महिने ते ट्रंकेतच राहिलं आणि दोघींचं बोलणंही कामापुरतंच उरलं.

मी शाळेत अर्धवेळ शिकवते. वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला आणि दोघींपुढे ठेवला: या एका लुगड्यात आपल्या चौघींच्या चार गोधड्या होतात. रविवारी सगळ्या जमल्या. मी काठाशी कात्रीने चीर दिली. कापड फाडायला दोन माणसं लागतात, दोन्हीकडून ओढायला. एक टोक वन्संनी धरलं, दुसरं जाऊबाईंनी.

आता कृती सांगते.

कापड : फक्त सुती घ्या. शंका असेल तर एक धागा काढून जपून जाळा. सुताची कागदासारखी राख होते. पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. रंग जातो का, हे ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहा. नवं कापड मिसळायचं असेल तर आधी धुऊन आटवून घ्या.

पट्ट्या : साडीच्या लांबीला धरून २ इंचांवर चीर द्या आणि फाडा. सुती कापड धाग्याच्या रेषेत सरळ फाटतं, आखायची गरज नाही. विरलेला भाग कापून बाजूला ठेवा, तो आतल्या थराला लागेल. गडद आणि फिक्या पट्ट्यांचे दोन ढीग करा.

चौकट : मधोमध साडेतीन इंचांचा चौकोन घ्या, शक्यतो लाल. त्याच्या भोवती एकाच दिशेने पट्ट्या लावत जायचं: दोन फिक्या, दोन गडद, पुन्हा दोन फिक्या, दोन गडद. सुलट बाजूवर सुलट बाजू ठेवून, पाव इंच माया सोडून टीप मारा आणि दर पट्टीनंतर इस्त्री फिरवा. लांबी अशी:

पहिली फेरी : साडेतीन, ५, ५, साडेसहा इंच
दुसरी फेरी : साडेसहा, ८, ८, साडेनऊ इंच
तिसरी फेरी : साडेनऊ, ११, ११, साडेबारा इंच

चौकट साडेबारा इंचांची होते, म्हणजे गोधडीत जोडल्यावर बरोबर १ फूट. अमेरिकेत या नमुन्याला ‘लॉग केबिन’, म्हणजे ओंडक्यांचं घर म्हणतात आणि मधला लाल तुकडा म्हणजे चूल मानतात. आमच्या घरी त्याला ‘वाडा’ नाव पडलं. मध्ये चौक आणि भोवती सोपे, दुसरं काय!

हिशेब : एका चौकटीला ९६ इंच पट्टी लागते. ३ फूट बाय ४ फूट गोधडीला १२ चौकटी. त्यांत गडद पट्टी साडेबावन्न फूट. नऊवारीची एक पट्टी २७ फुटांची. म्हणजे दोन पट्ट्या, विरलेलं वगळून तीन धरा. तीन पट्ट्या म्हणजे ६ इंच पन्हा. चौघींचा मिळून २४ इंच! फिक्या रंगासाठी प्रत्येकीने आपल्या सहावारीच्या तीन पट्ट्या घातल्या.

मांडणी : सगळ्या चौकटींचे गडद कोपरे एकाच बाजूला ठेवले तर तिरक्या पायऱ्या दिसतात. चार गडद कोपरे एकत्र आणले तर मोठा शंकरपाळा होतो. त्यासाठी १६ चौकटी घ्या.

गोधडी : खाली जुनी साडी, मध्ये विरलेल्या सुती कापडाचे दोन-तीन थर, वर जोडलेल्या चौकटी. थर सरकू नयेत म्हणून आधी कच्चा दोरा घाला. मग कडेपासून सुरुवात करून चौकोनी फेऱ्या घेत मध्यापर्यंत धावदोरा घाला. दोन ओळींत बोटभर अंतर पुरे. गोधडीचा टिकाऊपणा याच टाक्यांत आहे, इथे घाई नको. कडेला साडीच्याच काठाचा गोट लावा. दुपारी तासभर बसलं तर चौकटी पंधरा दिवसांत होतात, धावदोऱ्याला आणखी महिना धरा. नागपूरच्या डिसेंबरात पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा पाय झाकायला ही गोधडी हलकी आणि ऊबदार.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. नेसण्यासारखी साडी असेल तर ती नेसा, गोधडीसाठी बळी देऊ नका. आणि गेलेल्या माणसाची साडी असेल, तर चीर देण्याआधी घरातल्या सगळ्यांना विचारा. फाडलेली साडी पुन्हा अखंड होत नाही.

शेवटी पाठीमागे एका कोपऱ्यात साखळी टाक्याने लिहून ठेवा: साडी कोणाची, गोधडी कोणी शिवली आणि साल कोणतं. पुढे कधीतरी ती दुसऱ्याच कोणाच्या अंगावर असेल, तेव्हा विचारायला आपण नसू.