पडणे आणि थांबणे

"आई जिन्यावरून पडली नाही, गाडीवरूनही नाही. न्हाणीघरात उभ्याउभ्या घसरली. एवढ्याने खुब्याचे हाड कसे मोडले?" हा प्रश्न दवाखान्यात वारंवार कानी येतो. विचारणाऱ्याच्या स्वरात अविश्वास असतो आणि कधीकधी, घरातल्या कोणीतरी काळजी घेतली नाही, असा ठपकाही. उत्तराचा निम्मा भाग वैद्यकशास्त्रात आहे. उरलेला निम्मा आपण शाळेत शिकून विसरलेल्या पदार्थविज्ञानात.

हलणाऱ्या प्रत्येक वस्तूपाशी दोन गोष्टी असतात. पहिली संवेग, म्हणजे वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार. दुसरी गतिज ऊर्जा, म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, त्याचे निम्मे. टक्कर झाली की संवेग नाहीसा होत नाही, तो एका वस्तूकडून दुसरीकडे जातो. कॅरमचा स्ट्रायकर सोंगटीला आपटून मंदावतो आणि सोंगटी निघते, ती याच नियमाने. ऊर्जाही नाहीशी होत नाही, पण ती रूप बदलते. ओल्या मातीचा गोळा भिंतीवर फेकला तर तो परत उसळत नाही, चपटा होऊन चिकटतो. त्याची जवळजवळ सगळी ऊर्जा चपटे होण्यात खर्ची पडलेली असते.

माणूस फरशीवर पडतो तेव्हा त्याची अवस्था या गोळ्यासारखी होते. त्याचा संवेग पृथ्वी निमूटपणे स्वीकारते. ती इतकी अवजड आहे की तो घेऊनही तिची हालचाल होत नाही आणि म्हणूनच ऊर्जेतला वाटा ती जवळजवळ उचलतच नाही. ऊर्जा मागे राहते. ती कुठेतरी जिरायलाच हवी. गुळगुळीत कडक फरशी वाकत नाही, दबत नाही. मग जिरवण्याचे काम त्वचा, चरबी, स्नायू आणि शेवटी हाड यांच्यावर येते.

आकडे पाहू. साठ किलो वजनाच्या व्यक्तीचा गुरुत्वमध्य उभे असताना जमिनीपासून सुमारे ९० सेंटिमीटरवर असतो. तिथून खाली येताना सुमारे ५३० ज्यूल ऊर्जा मोकळी होते. पन्नास किलोचे पोते एक मीटर उंचीवरून सोडावे, त्याहून थोडी अधिकच. ठिसूळ झालेले मांडीच्या हाडाचे वरचे टोक मोडायला याचा लहानसा अंशही पुरतो. तेव्हा हाड मोडले याचे नवल नाही, बहुतेक वेळा पडूनही ते मोडत नाही, याचे नवल करावे.

ते मोडत नाही, याचे एक मोठे कारण म्हणजे थांबण्यास लागलेला वेळ. खुबा फरशीवर आदळतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला साधारण तीन मीटर असतो. शरीराचा निम्मा भार, म्हणजे ३० किलो, त्याच्यामागे आहे असे धरू. हा संवेग ०.०३ सेकंदात थांबला तर सरासरी ३,००० न्यूटन बल लागते. ३०० किलोचे ओझे खुब्यावर ठेवल्यासारखे. तोच संवेग दसपट वेळात थांबला तर बल एक दशांश होते. झेल घेताना क्षेत्ररक्षक हात मागे नेतो ते यासाठीच. कुशीवर पडणे सर्वांत घातक का, तेही यातून उमगते. खुब्याच्या बाजूला हाडावर मांसाचे आवरण थोडे असते आणि कृश वृद्धांत त्याहून थोडे.

खुर्चीत बसताना आपण अशीच ऊर्जा दिवसातून अनेकदा बिनबोभाट जिरवतो. मांडीचे स्नायू ती दीडदोन सेकंदांत सावकाश पचवतात. ते दुबळे झाले की माणूस धपकन बसतो. ठिसूळ हाडांच्या वृद्धांत तेवढ्यानेही मणका दबू शकतो. म्हणून मी औषधाच्या चिठ्ठीवर एक व्यायाम लिहून देतो: भिंतीला टेकवलेल्या, हात असलेल्या खुर्चीत चार अंक मोजत बसणे आणि उठणे, सकाळ-संध्याकाळ आठदहा वेळा. गुडघ्यांचा किंवा हृदयाचा विकार असल्यास आपल्या डॉक्टरांना विचारून करावा.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी यात एक महत्त्वाची गोष्ट आहे. वडील कोसळू लागले की मुलगा त्यांचा दंड पकडून जागच्या जागी थांबवू पाहतो. क्षणार्धात थांबवायला लागणारे बल त्याच्या हातात नसते. वडिलांचा खांदा निखळतो किंवा मुलाची पाठ धरते. मागून कमरेला मिठी घालावी, एक पाय पुढे ठेवावा आणि त्यांना आपल्या अंगावरून सावकाश जमिनीवर उतरवावे. पडणे रोखता आले नाही तरी ते लांबवता येते. चालवताना त्यांच्या कमरेला रुंद पट्टा बांधल्यास धरायला सोपे जाते.

उंची निम्मी झाली की ऊर्जाही निम्मी होते. त्यामुळे झोपेत पलंगावरून घरंगळणाऱ्या रुग्णाचा पलंग ठेंगणा असावा. मात्र जे स्वतः उठतात त्यांना फार ठेंगणा पलंग त्रासाचा. बसल्यावर पावले जमिनीला पूर्ण टेकतील इतकी उंची ठेवावी. पलंगालगत गादी टाकणेही अंथरुणाला खिळलेल्यांसाठी ठीक. चालत्याफिरत्याला ती अडखळवते. जाड पायपुसण्यांचेही तेच. पूर्वीच्या सारवलेल्या जमिनीमुळे हाडे मोडत नसत, असे पुष्कळ जण सांगतात. ती जमीन थोडी दबत असे हे खरे, पण तेव्हा ऐंशीच्या घरात पोचणारेही थोडेच होते.

पडल्यानंतर जांघेत दुखत असेल, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल, त्यावर भार देता येत नसेल, तर चोळू नये आणि ओढून उभे करू नये. शस्त्रक्रिया शक्यतो दोन दिवसांच्या आत झालेली बरी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील आणि डोक्याला मार लागला असेल, तर बरे वाटत असले तरी त्याच दिवशी तपासणी करावी.

घराबाहेर वेगाचा वर्ग आपला हिशेब चुकता करतो. लायडनचे प्राध्यापक ग्राव्हझांड यांनी १७२२च्या सुमारास पितळी गोळे मऊ मातीत टाकून पाहिले होते. वेग दुप्पट झाला की खड्डा चौपट खोल पडे. दुचाकीचा वेग ताशी २० वरून ४० झाला की ऊर्जा तशीच चौपट होते. "कोपऱ्यापर्यंतच तर जायचे आहे" म्हणणाऱ्या आजींना मी एवढेच सांगतो की, गाडी उभी असली तरी मागच्या आसनावर त्यांचे डोके जमिनीपासून मीटरभराहून उंच असते. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट कायद्याने सक्तीचे आहे. त्याच्या आतला थर्मोकोलसारखा थर दबून डोक्याला थांबायला थोडे अंतर देतो आणि ऊर्जा स्वतःत जिरवतो. तो एकदाच दबतो, म्हणून जोराने आपटलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी बदलावे.