लीजचा फ्लॅट : भिंतींआधी उरलेली वर्षे मोजा

कोकणातील आणि मुंबई-भिवंडीकडील कितीतरी मुस्लिम घरांतली मुले आज इंग्लंडमध्ये नोकरी-धंदा करीत आहेत. चार पैसे शिल्लक पडले की पहिला विचार घराचा येतो आणि मोठ्या शहरांत ऐपतीत बसतो तो बहुधा फ्लॅटच. बयाण्याची रक्कम जमवायला इथले वडीलधारेही हात देतात. म्हणून लीजची ही बाब तिथल्या मुलांइतकीच इथल्या वडिलांनीही समजून घेतली पाहिजे.

इंग्लंड आणि वेल्समध्ये फ्लॅट बहुतेक वेळा लीजवर, म्हणजे लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यावर विकला जातो. मुदत ९९ वर्षे, १२५ वर्षे अशी असते. जमीन आणि इमारत मूळ मालकाची, म्हणजे फ्रीहोल्डरचीच राहते. नवी मुंबईत सिडकोच्या ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना ही पद्धत नवी वाटणार नाही. मुदत सरली की फ्लॅटवरचा हक्क मूळ मालकाकडे परत जातो.

आम्ही कापडवाले ताग्यावरचे लेबल पाहून भाव करीत नाही. आत किती मीटर माल आहे ते आधी मोजतो. लीजच्या फ्लॅटमध्ये विकला जाणारा खरा माल म्हणजे उरलेली वर्षे, आणि हा माल दरवर्षी एकाने कमी होतो. पुष्कळ लोक वर्षे मोजतात ती स्वतः फ्लॅट घेतल्या दिवसापासून. हे चुकीचे आहे. मुदत लीजमध्ये लिहिलेल्या आरंभाच्या तारखेपासून चालू होते. १९९० पासूनची ९९ वर्षांची लीज असेल तर ती २०८९ मध्ये संपणार, मधे फ्लॅट कितीही हातांतून गेलेला असो.

८० वर्षांची रेषा

१९९३ च्या कायद्याने फ्लॅटधारकाला मोठा हक्क दिला. ठरलेली किंमत मोजून उरलेल्या मुदतीत ९० वर्षांची भर घालता येते आणि मूळ मालकाला द्यावयाचे वार्षिक ग्राउंड रेंट बंद होते. ही किंमत कशी निघते? मालकाचे बुडणारे ग्राउंड रेंट आणि फ्लॅट परत मिळण्यास लागणारा विलंब यांचे आजचे मोल काढतात. लीज ८० वर्षांवर किंवा त्याखाली आली असेल तर तिसरा बोजा पडतो. मुदत वाढल्यामुळे मिळकतीच्या मोलात जी भर पडते तिचा निम्मा वाटा मालकाला द्यावा लागतो. याला तिथे मॅरेज व्हॅल्यू म्हणतात.

हिशेब करून पाहू. लांब लीज असताना फ्लॅटची किंमत २ लाख पौंड आणि ग्राउंड रेंट वर्षाला १०० पौंड धरा. फ्लॅट परत मिळण्याच्या मोलासाठी प्रचलित ५ टक्के दर लावला आणि ग्राउंड रेंटला ६ टक्के धरले, तर ८१ वर्षे उरली असताना रक्कम सुमारे ५,५०० पौंड येते. तोच फ्लॅट ७० वर्षांवर आला आणि त्याचा भाव १ लाख ८० हजारांवर घसरला असे समजा. मग पहिल्या दोन बाबींचे सुमारे ८,२०० आणि मॅरेज व्हॅल्यूचे सुमारे ५,९०० मिळून १४,१०० पौंड होतात. फ्लॅट तोच, भिंती त्याच. उशीर तेवढा महाग पडला. शिवाय मुदत फार कमी राहिली की कर्ज देणाऱ्या संस्था हात आखडता घेतात आणि गिऱ्हाईकही मागे फिरते.

नोटीस आणि तारखा

काम सुरू होते ते मालकाला द्यावयाच्या रीतसर नोटिशीने. किंमत ठरते ती नोटीस दिल्या दिवसाच्या स्थितीवर. म्हणून ८० वर्षे आणि दोन महिने उरले असतील तर नोटीस त्या दोन महिन्यांच्या आतच गेली पाहिजे. मालकाला उत्तरासाठी किमान दोन महिने द्यावे लागतात. उत्तर आले आणि किमतीवर एकमत झाले नाही, तर उत्तरापासून सहा महिन्यांच्या आत ट्रायब्युनलकडे अर्ज करावा लागतो. ती तारीख हुकली की नोटीस रद्द धरली जाते आणि नवी नोटीस देण्यासाठी एक वर्ष थांबावे लागते.

मालक कधी कधी खाजगीत सौदा सुचवतो. त्यात ग्राउंड रेंट चालू राहते काय आणि वर्षे किती मिळतात, हे लेखी वाचल्याशिवाय होकार देऊ नये.

नवा कायदा

मे २०२४ मध्ये नवा कायदा संमत झाला. त्यात ९० ऐवजी ९९० वर्षांची वाढ आणि मॅरेज व्हॅल्यू रद्द करण्याची तरतूद आहे. पण कायदा संमत झाला म्हणजे त्याची सारी कलमे लागू झाली असे नव्हे. फ्लॅट घेऊन दोन वर्षे झाल्याशिवाय नोटीस देता येत नसे, ती अट ३१ जानेवारी २०२५ पासून गेली. बाकीच्या कलमांबाबत नोटिशीच्या दिवशी काय लागू आहे, हे सॉलिसिटरकडून लेखी घ्यावे. लीज ९०-९५ वर्षांची असेल तर थांबण्यात फारसा धोका नाही. ८१-८२ वर आलेल्याने मात्र "कायदा येतोय" या भरवशावर बसणे म्हणजे उधारीवर धंदा करणे होय.

आपल्या बांधवांसाठी दोन गोष्टी

सूद टाळण्यासाठी काही जण इस्लामी पद्धतीच्या योजनेतून घर घेतात. अशा व्यवहारात पैसे फिटेपर्यंत मिळकत बँकेच्या नावे असू शकते. मग नोटीस कोण देणार आणि खर्च कोणाचा, हे करार करतानाच ठरवून घ्यावे.

दुसरी गोष्ट मीरासची. वारसांत फ्लॅटची वाटणी करताना शेजारच्या लांब लीजच्या फ्लॅटचा भाव धरू नये. ६५ वर्षे उरलेला फ्लॅट ज्याच्या वाट्याला येईल त्याच्यावर मुदतवाढीचा खर्चही येईल. तो आधी वजा केला तरच वाटणी इन्साफाची होईल, नाहीतर भावाभावांत कायमची कटुता येते.

लीजची प्रत लँड रजिस्ट्रीकडून किरकोळ फी भरून मिळते. ज्यांची मुले तिथे राहतात त्यांनी पुढच्या फोनवर खुशाली विचारून झाली की एवढेच विचारावे, "बेटा, लीजची किती वर्षे उरली आहेत?"