डिस्प्ले येत नाही म्हणजे कार्ड गेलं, असं नसतं

पुण्या-मुंबईच्या कंपन्यांनी वापरून काढलेले डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोवो थिंकसेंटर असे कॉम्प्युटर धाराशिव जिल्ह्यात अनेक घरांत, फोटो स्टुडिओंत आणि सेवा केंद्रांत वर्षानुवर्षं चालू आहेत. यंत्रं दणकट असतात. त्यांच्यावर दाखले निघतात, पोरांचा अभ्यास होतो, लग्नाचे अल्बम तयार होतात. मग कधीतरी मुलाला गेम खेळायचा असतो, किंवा स्टुडिओवाल्याला फोर-के चित्रण कापायचं असतं, आणि ग्राफिक्स कार्ड आणलं जातं. कार्ड बसवून बटण दाबलं की पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच राहते. त्यावर निकाल ठरलेला असतो: ‘बोर्ड जुना आहे, घेत नाही,’ नाहीतर ‘कार्ड गेलं.’

हा निकाल बहुतेक वेळा घाईचा असतो, आणि त्याची किंमत आपल्याकडे जरा जास्तच बसते. मोठ्या शहरात कार्ड बदलून आणायला तासभर पुरतो. परंड्याहून बार्शी, कळंबहून लातूर, उमरग्याहून सोलापूर गाठायचं म्हणजे दिवस मोडतो. म्हणून कार्ड आणि कॉम्प्युटर यांचं नेमकं कुठे जुळत नाही, हे घरबसल्या कळणं गरजेचं आहे. ते कळतंही. फक्त काही पक्के गैरसमज आधी बाजूला ठेवावे लागतात.

‘जुन्या बोर्डाला नवं कार्ड बसत नाही’

बसतं. २००४ नंतरच्या जवळपास सगळ्या घरगुती बोर्डांवर कार्डासाठी पीसीआय एक्स्प्रेस नावाचा लांब स्लॉट असतो. त्याची पहिली आवृत्ती २००३ ची, दुसरी २००७ ची, तिसरी २०१० ची. प्रत्येक आवृत्ती मागच्या-पुढच्या आवृत्त्यांशी जुळावी अशीच आखलेली आहे. चौथ्या आवृत्तीचं कार्ड दुसऱ्या आवृत्तीच्या स्लॉटमध्ये घातलं तर दोघं मिळून दुसऱ्या आवृत्तीच्या वेगाने चालतात. खरा अपवाद त्याआधीच्या एजीपी स्लॉटचा. पेंटियम फोरच्या काळातला तो स्लॉट वेगळ्याच मापाचा आहे आणि त्यात आजचं कोणतंही कार्ड जात नाही. तसं यंत्र असेल तर त्यावर पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

मात्र ‘बसतं’ आणि ‘पूर्ण वेगाने चालतं’ यांत फरक आहे. काही स्वस्त नवी कार्डं लांब स्लॉटच्या सोळा मार्गिकांपैकी फक्त चार वापरतात. एएमडीचं आरएक्स ६४०० त्यांपैकीच. चौथ्या आवृत्तीच्या बोर्डावर या चार मार्गिकांतून सेकंदाला साधारण आठ जीबी माहिती जाते, दुसऱ्या आवृत्तीच्या बोर्डावर तेच कार्ड दोन जीबीवर येतं. एनव्हिडियाचं जीटीएक्स १६५० किंवा १०५० टीआय सोळाही मार्गिका वापरतं, त्यामुळे जुन्या बोर्डावर त्याचं नुकसान कमी. अशा बोर्डावर स्लॉटची आवृत्ती प्रोसेसरवरही ठरते, हे फारसं कोणी सांगत नाही. इंटेलच्या दुसऱ्या पिढीच्या कोअर प्रोसेसरवर ती दुसरी असते. बोर्डाला चालत असेल तर तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह घातल्यावर तोच स्लॉट तिसऱ्या आवृत्तीचा होऊ शकतो.

इंटेलच्या आर्क कार्डांची गोष्ट वेगळी आहे. त्यांना बोर्डावर ‘रिसायझेबल बार’ ही सोय लागते आणि इंटेल स्वतः दहाव्या पिढीपासूनचे प्रोसेसर सुचवते. जुन्या यंत्रावर आर्क लावलं तर कार्ड चालेलही, पण वेग निराश करेल. ते घेऊच नये.

‘डिस्प्ले येत नाही, म्हणजे कार्ड जळलं’

सगळ्यात जास्त पैसे आणि मनस्ताप या समजुतीपायी जातो. काळ्या स्क्रीनची कारणं बरीच असतात आणि त्यातली बरीचशी फुकटात सुटतात.

पहिलं कारण इतकं साधं आहे की ते तपासायचंच राहून जातं. मॉनिटरची केबल जुन्या सवयीने बोर्डाच्या पोर्टला लावलेली असते. कार्ड बसवल्यावर बरेचसे कंपनी कॉम्प्युटर बोर्डावरचा डिस्प्ले आपोआप बंद करतात. केबल कार्डाच्या पोर्टला लावली की प्रश्न मिटतो.

पण इथे दुसरी अडचण उभी राहते. आपल्याकडचे जुने मॉनिटर निळ्या प्लगचे, म्हणजे व्हीजीएचे. २०१६ मध्ये आलेल्या जीटीएक्स १००० मालिकेपासून एनव्हिडियाच्या कार्डांतून व्हीजीएचा सिग्नलच निघत नाही, आणि एएमडीने तो आणखी आधीच काढायला सुरुवात केली होती. अशा कार्डाच्या डीव्हीआय पोर्टाला व्हीजीएचा बिनचिपचा कनेक्टर बसतच नाही, कारण त्याच्या चार जास्तीच्या पिनांसाठी पोर्टात भोकंच नसतात. एचडीएमआयमधून व्हीजीए काढायचा तर आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो. एचडीएमआयला सरळ व्हीजीए जोडणारी नुसती वायर घेतली तर काही दिसणार नाही, आणि दोष कार्डाला लागेल.

तिसरं कारण बायॉसमधलं. साधारण २०१२ च्या आधीच्या बोर्डांवर जुन्या पद्धतीचं बायॉस असतं, नंतरच्या बोर्डांवर यूईएफआय. फार जुनं कार्ड, उदाहरणार्थ जीफोर्स २१०, नव्या बोर्डावर लावलं आणि त्या बोर्डात सीएसएम ही जुन्याशी जुळवून घेणारी सोय बंद असेल, तर विंडोज सुरू होईपर्यंत स्क्रीन काळी राहते किंवा यंत्र चालूच होत नाही. उलट बाजूने, जुन्या कंपनी कॉम्प्युटरवर नवं कार्ड ओळखलं जात नसेल, तर निर्मात्याने दिलेलं बायॉसचं शेवटचं अपडेट घातल्यावर ते चालल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत. मात्र हे अपडेट चालू असताना लाइट गेली तर बोर्ड कायमचा निकामी होऊ शकतो. आपल्याकडे ही शक्यता कागदावरची नाही. यूपीएसची बॅटरी चांगली असल्याची खात्री करूनच या कामाला हात घालावा, आणि वीजपुरवठ्याच्या वेळा माहीत असतील तर वेळ तशी निवडावी.

बाकी नेहमीचे उपाय आहेतच. प्लग काढून, कार्ड बाहेर घेऊन त्याची सोनेरी पट्टी खोडरबरने हलकेच पुसावी, स्लॉटमधली धूळ काढावी, खटका लागेपर्यंत कार्ड नीट दाबावं. बोर्डावरचा नाण्याएवढा सीआर २०३२ सेल जुना असेल तर बदलावा, कारण तो संपला की बायॉसमधली मांडणी पुसली जाते. स्पीकर असेल तर बीपही बोलके असतात. अवॉर्ड बायॉसमध्ये एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे तक्रार डिस्प्लेची. एवढं झाल्यावर ते कार्ड दुसऱ्या चालू यंत्रात घालून बघावं. तिथेही डिस्प्ले आला नाही, तरच कार्ड गेलं म्हणावं.

‘एसएमपीएस साडेचारशे वॅटचा आहे, भागेल की’

या बाबतीत थोडं थांबून समजून घ्यायला हवं. डेस्कटॉप छान दिसतो, ब्राउझर चालतो, पण गेम सुरू केला किंवा व्हिडिओ रेंडरला लावला की काहीही संदेश न देता यंत्र धाडकन रीस्टार्ट होतं. हे लक्षण बहुधा एसएमपीएसकडून, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याकडून, वीज कमी पडण्याचं असतं. कार्ड बिचारं बरोबर असतं, त्याला ऐनवेळी पोटभर मिळत नाही.

लांब स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्यापेक्षा जास्त खाणाऱ्या कार्डावर वेगळा प्लग असतो: सहा पिनांचा ७५ वॅट देतो, आठ पिनांचा १५० वॅट. ही सगळी भूक मुख्यतः १२ व्होल्टच्या लाइनवर असते. म्हणून एसएमपीएसवर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बघून भागत नाही, बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टपुढे किती अँपियर लिहिलेत ते बघावं. अँपियरला बाराने गुणलं की खरे वॅट कळतात. तिथे १४ अँपियर असतील तर प्रोसेसर, पंखे, डिस्क आणि कार्ड या सगळ्यांना मिळून १६८ वॅटच आहेत, मग खोक्यावर ४५० छापलेलं असो की ५००.

कंपनी कॉम्प्युटरची अडचण वेगळी. त्यांचा एसएमपीएस प्रामाणिक असतो, पण लहान असतो. डेल ऑप्टिप्लेक्स ७०१० च्या छोट्या कॅबिनेटमध्ये २४० वॅटचा, मोठ्या कॅबिनेटमध्ये २७५ वॅटचा. त्यात कार्डासाठी वेगळा प्लग सहसा नसतो. २०१३ च्या सुमारास डेल, एचपी, लेनोवो यांनी अनेक मॉडेलांत नेहमीचा २४ पिनांचा मुख्य प्लगच बदलून स्वतःचा वेगळा प्लग आणला, त्यामुळे बाजारातला मोठा एसएमपीएस सरळ बसत नाही, कन्व्हर्टर लागतो. काही छोट्या मॉडेलांत निर्मात्याने स्लॉटची वीज ७५ वॅटपेक्षाही कमी ठेवलेली असते. ते मॉडेलच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं.

यावर दुकानात सुचवला जाणारा उपाय म्हणजे डिस्कच्या साटा प्लगमधून सहा पिनांचा प्लग काढणारी वायर. ती वापरू नये. साटा प्लगची क्षमता १२ व्होल्टवर साडेचार अँपियर, म्हणजे ५४ वॅट. त्यातून ७५ वॅट ओढले की प्लॅस्टिक वितळतं, आणि प्रसंगी आग लागते. अशा यंत्रात ज्याला वेगळा प्लगच लागत नाही असं कार्ड घ्यावं: जीटी १०३० साधारण ३० वॅटचं, आरएक्स ६४०० सुमारे ५३ वॅटचं, जीटीएक्स १०५० टीआय आणि १६५० यांची बिनप्लगची मॉडेलं ७५ वॅटची. छोट्या कॅबिनेटला अर्ध्या उंचीचं कार्ड आणि त्याची अर्धी पट्टीही लागते. घरून निघण्याआधी कॅबिनेट उघडून स्लॉटपासून पुढच्या जाळीपर्यंतची लांबी पट्टीने मोजून घ्यावी.

यूपीएसचंही तसंच. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस म्हणजे ६०० वॅट नव्हेत, साधारण ३६० वॅट. बॅटरी थकलेली असेल तर त्याहून कमी. लाइट गेल्या क्षणी मॉनिटरसकट सगळं बंद पडत असेल, तर कार्ड आल्यानंतर वाढलेला भार त्याला झेपत नाही असं समजावं. शेतीपंपांचा भार वाढला की ज्या गावांत व्होल्टेज उतरतं, तिथे हा त्रास आणखी लवकर दिसतो.

रीस्टार्ट न होता नुसता वेग मंदावत असेल, तर उष्णता बघावी. मे महिन्यात बाहेर चाळीस अंश असताना कॅबिनेटच्या आत त्याहून बरंच जास्त असतं. जीटीएक्स १००० मालिकेतली कार्डं साधारण ८३ अंशांपुढे स्वतःचा वेग उतरवू लागतात. हा बिघाड नाही, तो बचाव आहे. पंखा साफ करणं आणि कॅबिनेट भिंतीपासून पुढे ओढणं यानेही फरक पडतो. स्क्रीनवर अगदी सुरुवातीपासून, विंडोज येण्याआधीच, रेघा आणि चौकटी दिसत असतील, तर मात्र कार्डाची मेमरी खराब असण्याची शक्यता मोठी.

‘कार्ड टाकलं की कॉम्प्युटर फास्ट होतो’

दाखले, सातबारा, एक्सेल, ब्राउझर, टायपिंग यांना ग्राफिक्स कार्डाने फरक पडत नाही. अशा यंत्रात जुनी हार्ड डिस्क असेल तर एसएसडी घालावी आणि रॅम आठ जीबी करावी. कार्डाच्या किमतीपेक्षा कमी पैशांत काम खूप सुधारतं.

स्टुडिओचं काम वेगळं. तुळजापूरच्या नवरात्रात मोबाइलवर घेतलेलं फोर-के चित्रण बहुधा एचईव्हीसी या पद्धतीने साठवलेलं असतं. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या प्रोसेसरला ते उलगडताना धाप लागते. इथे कार्ड कामाला येतं, पण कोणतं, ते बघावं लागतं. जीटी ७१० ला एचईव्हीसी उलगडता येत नाही. जीटी १०३० ला उलगडता येतं, पण तयार व्हिडिओ बाहेर काढताना लागणारा एन्कोडर त्यात नाही. आरएक्स ६४०० मध्येही एन्कोडर नाही. १०५० टीआय आणि १६५० मध्ये दोन्ही आहे. लग्नसराईत रोज व्हिडिओ काढणाऱ्याने हीच ओळ लक्षात ठेवून दुकानात जावं.

जास्त जीबी म्हणजे जास्त ताकद हाही भ्रम. जीटी १०३० नावाचीच दोन कार्डं आहेत, दोन्हींत दोनच जीबी मेमरी. २०१७ च्या कार्डाची जीडीडीआर-फाइव्ह मेमरी सेकंदाला ४८ जीबी माहिती हलवते, २०१८ च्या डीडीआर-फोर कार्डाची मेमरी १७ जीबीच्याही आत. खोक्यावर नाव तेच.

ड्रायव्हर आणि विंडोज

कार्ड सापडतं, पण विंडोजमध्ये ‘कोड ४३’ ही एरर येते किंवा रंग आणि रिझोल्यूशन विचित्र दिसतं, तेव्हा बहुधा प्रश्न ड्रायव्हरचा असतो. कुठल्याही संकेतस्थळावरचा ‘ड्रायव्हर पॅक’ टाकू नये, कार्ड बनवणाऱ्या कंपनीचाच घ्यावा. तोही कायम मिळत राहत नाही. एनव्हिडियाने ३२ बिट विंडोजसाठी नवे ड्रायव्हर २०१८ मध्ये थांबवले. जीटी ७१० सारख्या केपलर कार्डांसाठी आणि विंडोज ७ साठी नेहमीचे ड्रायव्हर २०२१ मध्ये थांबले. एएमडीनेही त्याच वर्षी विंडोज ७ आणि आर-सेव्हन, आर-नाइन २०० मालिकेसारखी कार्डं मागे सोडली. शेवटचा ड्रायव्हर अजून मिळतो आणि चालतो, पण तो नेमका तोच शोधून घालावा लागतो. जुना ड्रायव्हर आधी नीट काढलेला असावा.

नवं कार्ड घातलं की विंडोज ११ चालेल, असंही सांगितलं जातं. तसं नाही. त्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, कार्डाचा त्यात निर्णायक वाटा नाही. विंडोज १० ची नेहमीची मोफत साथ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, त्यामुळे बँकेचे व्यवहार होणाऱ्या यंत्रावर आधी याचा विचार व्हावा, कार्डाचा नंतर.

सेकंड-हँड कार्ड घेणाऱ्यांसाठी एक खबरदारी आहे. जीटीएस ४५० किंवा जीटीएक्स ५५० टीआयसारख्या दशकभर जुन्या कार्डांचं सॉफ्टवेअर बदलून ती ‘१०५० टीआय’ म्हणून विकली गेली आहेत. विंडोजमध्ये नाव नवं दिसतं, ड्रायव्हर टाकला की यंत्र गोंधळतं. जीपीयू-झेड हा मोफत प्रोग्राम २०१८ पासून अशी कार्डं ओळखतो आणि नावाआधी ‘फेक’ लिहितो. तो पेनड्राइव्हवर घेऊन जावा, पैसे देण्याआधी दुकानातच चालवून बघावा, आणि पाच-दहा मिनिटं कार्डावर भार देऊन ते तग धरतं का हेही तिथेच तपासावं.