मुंबईत कुटुंबासह मुक्काम : नुसते भाडे पाहू नका, पूर्ण हिशेब मांडा

गावाकडून कुटुंब घेऊन मुंबईला येणे हे बहुतेक वेळा हौसेसाठी नसते. कुणाला टाटा मेमोरियल किंवा केईएममध्ये दाखवायचे असते, कुणाच्या मुलीची परीक्षा किंवा मुलाखत असते, कुणी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादनासाठी येतो. रेल्वेचे तिकीट आधीपासून काढलेले असते. राहायचे कुठे, हा प्रश्न मात्र "तिथे गेल्यावर बघू" म्हणून सोडून दिला जातो. रुग्णांच्या कुटुंबांसोबत काम करताना आम्ही पाहतो की, उपचारासाठी उसनवारी करून आणलेल्या पैशातला मोठा भाग लॉजवरच जातो. पैसे संपले की लोक तपासणीची पुढची तारीख सोडून गावी परततात. म्हणून आपल्या तरुण कार्यकर्त्यांनी हा विषय नीट समजून घ्यायला हवा.

नातेवाइकांची खोली आता पुरत नाही

आपली माणसे मुंबईत गिरणी, गोदी, रेल्वे आणि नगरपालिकेच्या कामावर आली. परळ, नायगाव, वरळीच्या चाळींतली दहा बाय दहाची खोली हीच गावाकडच्या माणसाची धर्मशाळा होती. व्यापारी समाजांनी शहरात आपापले ट्रस्ट काढले, इमारती बांधल्या. आपल्याकडे तेवढा पैसा नव्हता; आपल्याकडे मामा-काकांची खोली होती. आता गिरण्या गेल्या, चाळी पुनर्विकासात गेल्या, आणि बरेच नातेवाईक कल्याण, बदलापूर, पनवेल, नालासोपाऱ्याला गेले. त्यांचा जिव्हाळा तसाच आहे, पण आजारी माणसाला घेऊन तिथून रोज परळला येणे कठीण झाले आहे. समाजशास्त्रात ज्याला सामाजिक भांडवल म्हणतात, ते प्रत्यक्षात असे दिसते : ज्याची ओळख आहे त्याला स्वस्तात खोली मिळते, ज्याची नाही तो स्टेशनबाहेरच्या एजंटच्या मागे जातो.

सुरुवात रुग्णालयापासून करा

उपचारासाठी येणाऱ्यांनी लॉज शोधण्याआधी रुग्णालयाच्या वैद्यकीय समाजसेवा विभागात जावे. टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या रुग्णालयांत हा विभाग असतो आणि राहण्याच्या सोयींची माहिती तिथे मिळते. काही ठिकाणी तर रुग्णालयाच्या चिठ्ठीशिवाय प्रवेशच मिळत नाही.

दादर पूर्वेला श्री संत गाडगे महाराज धर्मशाळेत बाहेरगावच्या कर्करुग्णांची आणि त्यांच्या नातेवाइकांची सोय होते. वांद्र्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मेमोरियल होम आहे. तेही टाटा मेमोरियलच्या बाहेरगावच्या रुग्णांसाठी आहे. कर्करोग झालेले मूल आणि त्याचे आई-वडील यांच्यासाठी सेंट ज्यूड चाइल्डकेअर सेंटर्स २००६ पासून मोफत निवास देतात; तिथे रुग्णालयाच्या शिफारशीने प्रवेश मिळतो. अशा जागांना मागणी खूप असते, त्यामुळे पहिल्याच दिवशी नाव नोंदवावे. केसपेपर, आधार कार्ड, रेशन कार्ड आणि उत्पन्नाचा दाखला यांच्या दोन-दोन झेरॉक्स सोबत ठेवाव्यात. जागा मिळेपर्यंतचे दोन-चार दिवस लॉजवर काढावे लागतील, हे धरूनच निघावे.

लॉज घेताना चार गोष्टी विचारा

पहिली, चेक-आऊटचा नियम. काही लॉज चोवीस तासांचा हिशेब धरतात, काही दुपारी १२ वाजता दिवस संपवतात. विदर्भ एक्स्प्रेस किंवा देवगिरी एक्स्प्रेसने येणारे कुटुंब सकाळीच मुंबईत उतरते. समजा सोमवारी सकाळी ७ ला खोली घेतली आणि मंगळवारी रात्री ९ ला सोडली. चोवीस तासांच्या नियमाने दोन दिवसांचे भाडे लागेल. दुपारी १२ च्या नियमाने तीन दिवसांचे लागू शकते. भाडे १,५०० रुपये धरले तर एकीकडे ३,००० आणि दुसरीकडे ४,५०० रुपये होतात. दुसऱ्या प्रकारच्या लॉजवर उतरायचे असेल तर सकाळचा वेळ स्टेशनच्या प्रतीक्षालयात काढावा, आणि जाण्याच्या दिवशी १२ च्या आत खोली सोडून सामान क्लोक रूममध्ये ठेवावे. क्लोक रूमसाठी तिकीट लागते आणि बॅगेला कुलूप असावे लागते.

दुसरी, माणशी हिशेब. बोर्डावरचे भाडे बहुधा दोन माणसांचे असते. तिसऱ्या माणसाची गादी, मुलाचे वय किती वर्षांपर्यंत मोफत, रुग्णाला भेटायला आलेला भाऊ एक रात्र थांबला तर काय, हे आधीच विचारावे.

तिसरी, कर धरून एकूण रक्कम. रोज ७,५०० रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे. त्याआधी तो १२ टक्के होता. म्हणजे १,५०० च्या खोलीचे १,५७५ होतात. कर लावला असेल तर बिलावर जीएसटी क्रमांक असायला हवा. नुसत्या चिठ्ठीवर "टॅक्स" म्हणून पैसे मागितले तर पक्के बिल मागा.

चौथी, लिफ्ट, गरम पाणी आणि स्वयंपाक. केमोथेरपी घेतलेल्या माणसाला तीन जिने चढवणे म्हणजे हाल. पेज किंवा खिचडी शिजवायची सोय असेल तर बाहेरच्या जेवणाचा खर्चही वाचतो आणि रुग्णालाही ते सोसते. त्यामुळे अशी खोली शंभर-दोनशेने महाग असली तरी परवडते.

लांबची स्वस्त खोली खरेच स्वस्त आहे का?

कल्याण किंवा वाशीला परळपेक्षा खोली स्वस्त मिळू शकते. परीक्षेला आलेल्या तरुणाला ते चालेल. रुग्णासोबत आलेल्या कुटुंबाने कागदावर हिशेब मांडावा. हिशेबापुरते आकडे घेऊ : परळला १,८०० आणि कल्याणला १,१०० रुपये. रोज ७०० रुपये वाचले. पण तपासणी सकाळी लवकर असेल, रुग्णाला गर्दीच्या लोकलमध्ये उभे राहता येत नसेल आणि एकदा जरी टॅक्सी करावी लागली, तरी ही बचत संपते. लोकलने जायचेच असेल तर दिव्यांगांच्या डब्यातून कर्करुग्णांना प्रवास करता येतो. रुग्णालयाचे कागद जवळ ठेवावेत. टाटाचे उपचार खारघरच्या केंद्रात होणार असतील तर परळला खोली घेण्यात अर्थ नाही. म्हणून आधी कुठल्या केंद्रात, किती दिवस आणि किती वाजता जायचे आहे हे विचारा, मग खोली शोधा.

एक-दोन दिवसांचेच काम असेल तर रेल्वेच्या रिटायरिंग रूमचा विचार करावा. तिकीट कन्फर्म किंवा आरएसी असेल तर पीएनआर क्रमांकावरून आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावर ती आरक्षित करता येते आणि जास्तीत जास्त ४८ तास मिळते. डॉरमेटरी किंवा मुंबई सेंट्रलचे पॉड हॉटेल एकट्या माणसाला ठीक आहे. लहान मूल किंवा आजारी माणूस सोबत असेल तर तिथे अडचण होते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दादर परिसरात राहण्याच्या जागांवर मोठा ताण असतो. ६ डिसेंबरसाठी महानगरपालिका शिवाजी पार्कवर अनुयायांची निवाऱ्याची सोय करते, पण त्याच दिवसांत रुग्णालयाची तारीख असलेल्यांनी खोली बरीच आधी ठरवावी.

फसवणूक आणि ओळखपत्र

इंटरनेटवर लॉजच्या नावाखाली भलताच मोबाइल नंबर टाकून यूपीआयने आगाऊ रक्कम उकळली जाते. पूर्ण पैसे आधी भरू नका. शक्यतो मुंबईतल्या ओळखीच्या कार्यकर्त्याला प्रत्यक्ष जाऊन पाहायला सांगा. फसवणूक झाल्यास लगेच १९३० वर सायबर तक्रार नोंदवा. ठरलेल्यापेक्षा जास्त पैसे घेतले, पावती दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

प्रत्येक प्रौढ व्यक्तीचे मूळ ओळखपत्र लागते. लग्नानंतर आधारवरचे आडनाव बदलले नसेल किंवा बाप-लेक, बहीण-भाऊ एकत्र आले असतील, तर काउंटरवर नको ते प्रश्न विचारले जातात. अशा वेळी रेशन कार्ड उपयोगी पडते. झेरॉक्स देताना शेवटचे चारच अंक दिसणारे मास्क्ड आधार द्यावे.

आडनाव विचारून नकार मिळाला तर

१९१७ मध्ये नोकरीसाठी बडोद्याला गेलेल्या बाबासाहेबांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले आणि काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना तिथूनही बाहेर काढले. १९२३ चा बोले ठराव म्हटले की आपल्याला चवदार तळे आठवते. पण त्या ठरावात विहिरी-पाणवठ्यांसोबत सार्वजनिक पैशातून बांधलेल्या धर्मशाळाही होत्या. संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये हॉटेल हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ च्या कलम ४ नुसार हॉटेलमध्ये किंवा सर्वांसाठी खुल्या असलेल्या धर्मशाळेत अस्पृश्यतेच्या कारणावरून अडवणे हा गुन्हा आहे, आणि तो दखलपात्र आहे.

आज नकार उघडपणे मिळत नाही. "पूर्ण नाव सांगा" म्हटल्यावर मघाशी रिकामी असलेली खोली अचानक भरते. हे सिद्ध करणे अवघड असते. म्हणून वेळ, बोलणाऱ्याचे नाव आणि नेमके शब्द तिथेच लिहून ठेवा, आणि शक्य असल्यास दुसऱ्या कुणाला त्याच जागी लगेच फोन करून विचारायला सांगा. पण रात्री दहा वाजता रुग्णाला फुटपाथवर बसवून भांडत राहू नका. आधी दुसरी जागा मिळवा. तक्रार दुसऱ्या दिवशी कार्यकर्त्यांसोबत पोलीस ठाण्यात द्या.

प्रत्येक शाखेत एक वही

ही माहिती त्या त्या कुटुंबाला माहीत होते आणि त्याच्याबरोबरच राहते. पुढचे कुटुंब पुन्हा पहिल्यापासून ठेचा खाते. म्हणून आमची सूचना साधी आहे. गावातल्या विहारात किंवा शाखेत एक वही ठेवा. मुंबईहून परतलेल्या प्रत्येकाकडून सात गोष्टी लिहून घ्या : जागेचे नाव, जवळचे स्टेशन, करासह भाडे, चेक-आऊटचा नियम, लिफ्ट व स्वयंपाकाची सोय, वागणूक कशी होती, आणि मुक्कामाची तारीख. दर तीन महिन्यांनी एका तरुणाने प्रत्येक नंबरवर फोन करून भाडे तपासावे आणि बंद पडलेल्या जागा खोडाव्यात. मुंबईतल्या कार्यकर्त्यांनी निदान दादर, परळ, कुर्ला आणि खारघर या भागांतल्या जागा स्वतः पाहून याव्यात.

आपल्याकडे मोठ्या धर्मशाळा नसतील. पण दहा कुटुंबांनी भरलेली अशी वही अकराव्या कुटुंबाचे दोन दिवसांचे भाडे वाचवू शकते. ते पैसे औषधाला उपयोगी पडतील.