अकरावीचे बीजगणित आणि पालकांच्या समजुती

दहावीचा निकाल लागून शास्त्र शाखेत प्रवेश निश्चित झाला, की गणिताविषयीची आपली जबाबदारी शिकवणीवर्गाचे शुल्क भरण्यापुरतीच उरली असे मानून निश्चिंत झालेले पालक अकरावीच्या पहिल्या चाचणीने हवालदिल होतात, आणि शालान्त परीक्षेत नव्वदीच्या पुढे गेलेला आपला पाल्य काठावर कसा आला याचा जाब आधी त्याला, मग शिक्षकांना आणि अखेर नशिबाला विचारू लागतात. या घसरणीच्या मुळाशी आळस किंवा बुद्धिमांद्य क्वचितच असते. बीजगणित म्हणजे अंकांच्या जागी अक्षरे घालून केलेला हिशेब, ही घरोघरी मुरलेली समजूत मात्र बहुधा असते.

दहावीच्या गुणांचा दाखला अकरावीला लागू पडतो, हा त्यातला पहिला गैरसमज. राज्य मंडळाच्या दहावीच्या गणितात शंभरांपैकी चाळीस गुण बीजगणिताच्या लेखी परीक्षेचे, चाळीस भूमितीचे आणि वीस अंतर्गत मूल्यमापनाचे. शिवाय बीजगणिताच्या सहा प्रकरणांपैकी अर्थनियोजन, संभाव्यता आणि सांख्यिकी ही तीन नागरिकाला उपयुक्त असली, तरी त्यांत चिन्हांची कसरत थोडी. अकरावीत मात्र संमिश्र संख्या, द्विपद प्रमेय, संच व संबंध, फल असे विषय एकाच वर्षात एकामागून एक येऊन उभे राहतात, आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला ते बहुधा इंग्रजी परिभाषेत भेटतात. पहिल्या सत्रात गुण थोडे उतरले, तर त्यात अघटित असे काही घडलेले नसते.

‘याला सगळे येते, फक्त घाईत चुका करतो’ हे वाक्य पालकसभेत हमखास कानी पडते. त्याची परीक्षा एका साध्या समीकरणावर करून पाहावी. क्ष² = ५क्ष हे समीकरण सोडवताना मुलगा दोन्ही बाजूंना क्षने भागतो, क्ष = ५ असे लिहितो, आणि वडील पाचाचा वर्ग पंचवीस व पाचा पाचा पंचवीस अशी रुजवात घालून त्यावर समाधानाची मोहोर उठवतात. परंतु क्षची किंमत शून्य असली तरीही हे समीकरण खरे ठरते, आणि ते उत्तर भागाकाराच्या त्या एका ओळीत गडप झाले; कारण जी संख्या शून्य असू शकेल तिने भागण्याची मुभा नसते. ५क्ष डावीकडे आणून क्ष(क्ष − ५) = ० असे मांडले असते, तर दोन्ही उत्तरे आपोआप हाती आली असती. पाढे तोंडपाठ असलेला, तोंडी हिशेबात दुकानदारालाही हार न जाणारा मुलगाही येथे ठेचकाळतो, आणि त्याच पद्धतीची शंभर उदाहरणे त्याच्याकडून घोटून घेतली, तर चूकच तेवढी पक्की होते. पालकाने त्या ओळीवर बोट ठेवून ‘कशाने भागलेस, आणि ते शून्य नाही कशावरून?’ एवढेच विचारावे. त्यासाठी त्याला स्वतःला गणित यावेच लागते असे नाही.

उत्तर बरोबर आले की काम संपले, ही समजूतही याच जातीची. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त, म्हणजे इ. स. ११५०च्या सुमारास, एक उदाहरण आहे: वानरांच्या कळपाच्या पाचव्या हिश्श्यातून तीन वजा करून येणाऱ्या संख्येच्या वर्गाइतके वानर गुहेत गेले आणि एकच बाहेर दिसतो, तर कळप केवढा? समीकरण पन्नास आणि पाच अशी दोन उत्तरे देते, आणि दोन्ही ताळ्याला उतरतात. तरी आचार्य पाच नाकारतात. कारण पाचाच्या पाचव्या हिश्श्यातून तीन वजा करता ऋण संख्या उरते, आणि ऋण वानर लोकव्यवहारात कोणी मान्य करीत नाही. उत्तर काढणे आणि ते स्वीकारावे की नाही हे सकारण ठरवणे, ही दोन्ही कामे अकरावीच्या विद्यार्थ्याकडून अपेक्षित असतात. पायऱ्यांना गुण का, या तक्रारीचे उत्तर बाराव्या शतकातच देऊन ठेवलेले आहे म्हणा ना!

ऋण संख्येचे वर्गमूळ हा तर पालकांना निव्वळ खटाटोप वाटतो. कार्डानो या इटालियन गणितज्ञाने १५४५ मध्ये घनसमीकरणाची रीत प्रसिद्ध केली; ती क्ष³ = १५क्ष + ४ या समीकरणाला लावली, की वाटेत −१२१चे वर्गमूळ आडवे येते, वास्तविक ४ हे सरळसाधे उत्तर डोळ्यांसमोर असते: चौसष्ट म्हणजे साठ अधिक चार. दलदली आटवण्याच्या कामावर राहिलेल्या बोंबेल्ली या इटालियन अभियंत्याने १५७२ मध्ये त्या अडचणीच्या संख्येलाच संख्येचे नियम लावले, तेव्हा सूत्राचे दोन भाग २ + √−१ आणि २ − √−१ असे निघाले, आणि त्यांची बेरीज बिनबोभाट चार भरली. आज घराघरांत येणाऱ्या प्रत्यावर्ती विजेची गणिते अभियंते याच संख्यांनी करतात.

मुलींना हा विषय झेपत नाही, असे म्हणणारे आता उघड बोलत नाहीत, पण शाखा निवडताना ते मत हळूच डोके वर काढते. त्यांना एवढेच सांगणे, की आधुनिक बीजगणिताला आजचे रूप देण्यात अग्रणी असलेल्या एमी नोएदर यांना गोटिंगेन विद्यापीठात काही वर्षे गणितज्ञ हिल्बर्ट यांच्या नावावर व्याख्याने द्यावी लागली. अडचण शिरस्त्याची होती, बुद्धीची नव्हती.

राहता राहिली महागड्या शिकवणीची बाब. अकरावीत अडलेला मुलगा पुष्कळदा अकरावीच्या विषयात अडलेला नसतोच. त्याचे घोडे अवयव पाडण्यात, घातांकांच्या नियमांत किंवा वर्गसमीकरणाच्या सूत्रात पेंड खाते, आणि नव्या वर्गाचे शिक्षक तेथवर मागे जात नाहीत. म्हणून निकालाच्याच आठवड्यात नववी-दहावीची पुस्तके रद्दीवाल्याच्या तागडीत घालण्याची घाई करू नये. वर्गसमीकरणांचे प्रकरण दिवाळीच्या सुट्टीत त्यांतूनच पुन्हा सोडवून घेता येते, आणि त्याला शुल्कही पडत नाही.